अस्सल जपानी काहीतरी

जपानला निघालेल्या माणसाकडून आपल्याला नेमकं काय हवंय, हे कुणालाच ठाऊक नसतं. दुबईहून खजूर येतात, स्वित्झर्लंडहून चॉकलेट येतं, अमेरिकेहून का कोण जाणे पण बदाम येतात. जपानहून काय यावं याचा शिरस्ता आमच्या घराण्यात अजून पडलेला नव्हता. मग सगळ्यांनी मिळून एक विशेषण ठरवलं आणि नाम शोधायचं काम माझ्यावर सोपवलं.

"काहीतरी अस्सल आण," आत्या म्हणाली.

मोठ्या वहिनींनी पुस्ती जोडली, "अस्सल जपानी. हाताने केलेलं. नाहीतर भावोजी तिथूनही चिनीच घेऊन येतील."

मेहुणे फोनवर म्हणाले, "पारंपरिक बघा काहीतरी. पण हलकं. आणि फुटणारं नको."

बायकोने शेवटी घरची अट घातली, "आणि माणशी पाचशेच्या आत."

आत्याच्या देवघरातली दिव्यांची माळ चिनी आहे. वहिनींची छत्री चिनी आहे. मेहुणे ज्या फोनवरून मला हे सांगत होते तो तर नखशिखांत चिनी आहे. पण दुसऱ्याने आणायच्या वस्तूच्या बाबतीत आपण फार कडक असतो. यादी करायला बसलो तर पाठपोट कागद भरला. त्यात सोसायटीचे सेक्रेटरी होते, बायकोचा भिशीचा अख्खा ग्रुप होता आणि "यांना नाही दिलं तरी चालेल, पण कळलं तर चालणार नाही" अशा खास वर्गातली माणसं होती.

आम्ही गेलो एका यात्रा कंपनीबरोबर. अशा सहलीत खरेदीला 'मोकळा वेळ' असतो. तो कसा, तर टूर मॅनेजर बसमधून उतरता उतरता सांगतो, "मंडळी, इथे चाळीस मिनिटं. यात देऊळ, फोटो, स्वच्छतागृह आणि शॉपिंग." यातली पहिली दोन कामं पुरुष करतात आणि चौथं काम बायका. तिसऱ्याच्या रांगेत सगळ्यांची भेट होते.

टोकियोतल्या असाकुसाला सेन्सोजी मंदिर आहे. त्याच्या कामिनारीमोन या दारात 3.9 मीटर उंच आणि 700 किलो वजनाचा लाल कंदील टांगलेला आहे. दारापासून देवळाकडे नाकामिसे नावाची 250 मीटरची गल्ली जाते, दोन्ही बाजूंना दुकानंच दुकानं. देवाच्या दारातली खरेदी हा बायकोचा प्रांत. तुळजापूर, पंढरपूर, कोल्हापूर असा तिचा दांडगा सराव. ती कंदिलाखालून अशी आत शिरली की जणू दर वर्षीच येते.

बाजूच्या एका बोळातल्या दुकानात मी घडीचा पंखा उचलला. बांबूच्या काड्या, त्यावर फुजी पर्वत, चेरीचा बहर, एक गेइशा आणि एक मांजर. एवढं जपान एकाच पंख्यावर बघून मला शंका आली. उलटा करून पाहिला. शेवटच्या काडीवर चकचकीत स्टिकर होतं. त्यावर 'मेड इन' शिल्लक होतं, पुढचं कुणीतरी नखाने खरवडलं होतं. आता जपानच्या दुकानात जपानचं नाव कोण कशाला खरवडेल?

मी विक्रेत्या मुलीला विचारलं, "जपानी?" तिने फोनवरच्या भाषांतराच्या ॲपमध्ये काहीतरी टाइप केलं आणि पडदा माझ्यासमोर धरला. "चित्र जपानचे आहे." मुलगी प्रामाणिक होती. माझा चेहरा बघून तिने काचेच्या कपाटातून दुसरा पंखा काढला, दोन्ही हातांवर ठेवून. हा क्योतोचा, हाताने केलेला. यात काड्या करणारा वेगळा, कागद चिकटवणारा वेगळा, रंगवणारा वेगळा आणि शेवटी सगळं जुळवणारा आणखी वेगळा. किंमत 12,000 येन. येनचे निम्मे करून वर थोडे धरले की रुपये होतात. मी मनातल्या मनात हिशेब केला आणि माझ्या लक्षात आलं की मला तेवढं उकडत नव्हतं.

तेव्हापासून मला वस्तू उलट्या करून बघायची खोड जडली. बशी दिसली की उलटी, बाहुली दिसली की उलटी. एका हॉटेलात कपही उलटा केला. त्यात चहा होता.

दरम्यान बायकोने पलीकडच्या दुकानात घासाघीस सुरू केली होती. जपानमध्ये अशा दुकानांत भाव करत नाहीत, हे टूर मॅनेजरने बसमध्ये दोनदा सांगितलं होतं, पण तो तरुण होता आणि त्याच्या बोलण्याला वजन नव्हतं. बायकोने चार वाट्या काउंटरवर मांडल्या, कॅल्क्युलेटर स्वतःकडे ओढला, आपला आकडा टाकला आणि दुकानदार आजोबांकडे फिरवला. आजोबांनी आकडा पाहिला, विचार केला, वाकून नमस्कार केला आणि म्हणाले, "पासपोर्ट?" पर्यटकाला 10 टक्के विक्रीकर माफ होतो, बायको त्याबद्दल विचारतेय असा त्यांचा समज झाला. मात्र त्यासाठी खरेदी किमान 5,000 येनची लागते. आजोबांनी ते बोटांनी समजावलं. बायकोने आणखी तीन वस्तू घेऊन पाच हजार भरून काढले आणि विजयी मुद्रेने बाहेर आली.

"दहा टक्के पाडले," ती म्हणाली. "आधी ऐकतच नव्हता."

त्या तीन वस्तू काय आहेत ते आम्हाला आजतागायत कळलेलं नाही. एक बहुधा चॉपस्टिक टेकवायची आहे.

यानंतर पुतण्याने आम्हाला ताब्यात घेतलं. तो निशी-कासाईत राहतो. टोकियोच्या या भागात भारतीयांची एवढी वस्ती आहे की तिथे मेथीची जुडी मिळते. तो म्हणाला, "काका, स्टिकर काय बघता? चिन्ह बघा." जपानमध्ये 1974 मध्ये पारंपरिक कलावस्तूंसाठी कायदाच झाला. वस्तू रोजच्या वापरातली हवी. तिचा मुख्य भाग हाताने केलेला हवा. तंत्र किमान 100 वर्षं जुनं हवं. कच्चा मालही पूर्वापार चालत आलेला हवा. आणि एका विशिष्ट भागात ती करणारी पुरेशी मंडळी हवीत. या पाच कसोट्यांवर उतरलेले 240 हून अधिक प्रकार आहेत आणि त्यांच्यावर लाल गोल असलेलं सरकारी चिन्ह लागतं. मी ऐकता ऐकता बोटं मोजत होतो. आमच्या आत्याचं लिंबाचं लोणचं या पाचही अटींत बसतं, पण आपल्याकडे कायदा नाही.

टोकियोत आओयामा-इच्चोमे स्टेशनजवळ यातल्या पुष्कळ प्रकारांचं एक मोठं दालन आहे. तिथे प्रत्येक गोष्ट अस्सल. इतके दिवस मला अस्सलपणाची काळजी होती. तिथे ती पार मिटली आणि नुसती किमतीची उरली.

मला पहिल्यांदा भुरळ पडली ती नांबू किटलीची. उत्तरेकडच्या इवाते प्रांतातलं ओतीव लोखंड, काळंभोर, अंगावर बारीक दाण्यांची नक्षी. उचलली तर मनगट खाली गेलं. विक्रेते गृहस्थ चांगलं इंग्रजी बोलत होते. ते म्हणाले, "हिला आतून कधीही घासायचं नाही. पाणी उकळायचं, पूर्ण ओतून टाकायचं, उष्णतेवर कोरडी होऊ द्यायची. काही दिवसांनी आत लाल ठिपके येतील. घाबरू नका."

"गंज?" बायकोने विचारलं.

"हो. पण चांगला."

बायकोने माझ्याकडे पाहिलं. तिच्या संसारात आतून न घासलेलं भांडं आणि चांगला गंज या दोन्हींना प्रवेश नव्हता. "यात चहा कसा करायचा?" तिने विचारलं. तर यात चहा करायचाच नाही, फक्त पाणी तापवायचं. दूध, साखर, आलं यांचं नावही काढायचं नाही. मग त्यांनी शेजारची छोटी, रंगीत, आतून काचेसारखा मुलामा दिलेली किटली दाखवली. ही गंजत नाही. ही धुता येते. "मात्र ही गॅसवर ठेवायची नाही. मुलामा तडकतो." म्हणजे एकीला घासायचं नाही आणि दुसरीला तापवायचं नाही. आम्ही दोघींना नमस्कार केला आणि पुढे सरकलो.

पुढे लाखेची भांडी होती. इथे मात्र मी पूर्वतयारीने उतरलो होतो, कारण आदल्याच दिवशी एका स्वस्त दुकानात लाल-काळी वाटी घेता घेता वाचलो होतो. जपानमध्ये घरगुती वस्तूंवर त्या कशाच्या आहेत ते छापावं लागतं. वाटीच्या बुडावर मुंगीएवढ्या अक्षरांचा कागद होता. पुतण्याने फोन धरून वाचला. "आतला भाग, कृत्रिम रेझिन. वरचा थर, युरेथेन." म्हणजे ती वाटी अस्सल प्लास्टिकची होती, आणि तसं तिने लेखी कबूलही केलं होतं. आपल्याकडे एवढा प्रांजळपणा निवडणुकीच्या प्रतिज्ञापत्रातही आढळत नाही.

इथली वाटी वाजिमाची. वाजिमा म्हणजे इशिकावा प्रांतातल्या नोतो द्वीपकल्पावरचं गाव, जिथे 1 जानेवारी 2024 रोजी मोठा भूकंप झाला आणि कितीतरी कारागिरांची घरं नि कार्यशाळा गेल्या. मी वाटी हातात घेतली. लाकडाची, त्यामुळे पिसासारखी हलकी, आणि इतकी गुळगुळीत की बोट ठेवल्यावर ओलं झाल्याचा भास व्हावा. गृहस्थ सांगू लागले. उरुशी नावाच्या झाडाला चिरा पाडून चीक काढतात. दहा-पंधरा वर्षं वाढवलेलं झाड जेमतेम पेलाभर चीक देतं आणि मग ते तोडतात. लाकडाच्या कडांना कापड लावायचं, भाजलेल्या मातीची पूड चिकात कालवून थर द्यायचे, घासायचं, पुन्हा थर, पुन्हा घासायचं. शंभराहून जास्त टप्पे. गंमत म्हणजे हा चीक कोरड्या हवेत वाळत नाही, त्याला दमट कपाटात ठेवावं लागतं. हे ऐकून मला जुलै महिन्यातली आमच्या गॅलरीतली दोरी आठवली. आमच्याकडे या धंद्याला फार वाव आहे.

"ओला चीक अंगाला लागला तर पुरळ उठतं," ते म्हणाले. "नव्या शिकाऊ मुलांचे हात, चेहरे सुजतात."

बायको मागे सरकली. "अगंबाई, म्हणजे बिब्ब्यासारखं!"

आणि ते खरंच होतं. पुतण्याने तिथल्या तिथे शोधून सांगितलं की उरुशी, बिब्बा, काजू आणि आंबा ही सगळी एकाच कुळातली झाडं. बायकोचं माहेर रत्नागिरीचं. जपानमधली सगळ्यात प्रतिष्ठित वस्तू आपल्या हापूसची लांबची नातेवाईक निघाली म्हटल्यावर तिचा चेहरा एकदम फुलला. वाटीकडे ती सासरच्यांच्या लग्नात अचानक माहेरचं माणूस भेटावं तशी बघू लागली. वाटी घ्यायची असं जवळजवळ ठरलं. मीही पाकिटात हात घातला. पण माझी ती खोड.

"हा चीक इथलाच ना? जपानी झाडांचा?" मी विचारलं.

गृहस्थ जराही गडबडले नाहीत. "जपानात चीक फार थोडा निघतो. आम्ही वापरतो त्यातला बहुतेक चीनमधून येतो."

क्षणभर कुणीच काही बोललं नाही. मग बायको म्हणाली, "चला, इथेही चीनने बिब्बा घातलाच."

वाटी आम्ही शेवटी घेतली. एकच, स्वतःला. यादीतल्या सगळ्यांना तसली वाटी द्यायची म्हटली असती तर भविष्यनिर्वाह निधी मोडावा लागला असता. गृहस्थांनी निरोप देताना बजावलं, "कपाटात ठेवू नका. रोज वापरा, हाताने धुवा, लाख वापराने खुलते." वाटी सध्या आमच्या शोकेसमध्ये आहे. तिला हात लावायची परवानगी मलाही नाही.

क्योतोला पोचेपर्यंत यादीतला एकही माणूस खोडला गेला नव्हता. कियोमिझु मंदिराच्या चढावर कपबशांची दुकानं आहेत. तिथल्या सान्नेनझाका या पायऱ्यांवर जो पडेल तो तीन वर्षांत मरतो अशी जुनी समजूत आहे, आणि त्यावर उतारा म्हणून भोपळ्याच्या तुंब्या विकणारं दुकानही त्याच पायऱ्यांशी आहे. टूर मॅनेजरने ही माहिती नेमकी अर्ध्या पायऱ्या उतरून झाल्यावर दिली. आमचा पूर्ण गट कठड्याला लटकत खाली आला. ज्यांचे गुडघे मुळातच दुखत होते त्यांनी तुंब्या घेतल्या.

या चढावर मी चहाच्या कपांचा सुंदर संच पाहिला. निळसर, हलका, भाव आटोक्यात. डबा उघडला तर आत पाच कप. मी दुकानदारबाईंना म्हटलं, "एक राहिला." त्यांनी मोजले. पाच. मी सहा बोटं दाखवली, त्यांनी पाच. जपानमध्ये चारचा आकडा अशुभ आणि विषम आकडे शुभ, म्हणून तिथे संच पाचाचाच असतो. आपलं गणित अर्ध्या डझनाचं. बायको कुजबुजली, "वहिनींना दिला तर म्हणतील, एक फोडला आणि उरलेले दिले." मी बाईंना विचारलं, सहावा सुटा मिळेल का? त्यांनी दुसरा संच पुढे केला. म्हणजे दहा. दहाने प्रश्न सुटत नव्हता, फक्त वाढत होता.

मग माझी नजर काचेत एकट्याच बसलेल्या एका कपावर गेली. हागी गावचा. किंचित वाकडा, फिकट गुलाबी, बुडाला मुद्दाम पाडलेली खाच. हातात घेतला तर उबदार वाटला. किंमत त्या पाचांच्या दुप्पट. यात गरम चहा ओतला की सुरुवातीला तो थोडा पाझरतो. माती सच्छिद्र असते. वर्षानुवर्षं चहा पीत राहिलं की तो भेगांत मुरतो, कपाचा रंग बदलत जातो, आणि जाणकार लोक त्यासाठीच तो घेतात. बाईंनी हे ॲपवर सावकाश, अभिमानाने सांगितलं. मला ते मनापासून पटलं. घरी आल्यावर मात्र तो कप आईच्या हातात पडला. तिने तो फिरवून पाहिला, टेबलावर ठेवला, खालचं ओलं वर्तुळ बोटाने पुसलं आणि म्हणाली, "वाकडा आहे, टवका उडालाय आणि गळतोही. बिल आहे ना? पाठव परत."

त्या कपाच्या किमतीवरून आठवलं, यानागी सोएत्सु नावाच्या विचारवंताने 1925 च्या सुमारास मित्रांच्या साथीने एक चळवळ सुरू केली. अनाम कारागिरांनी सामान्य माणसाच्या वापरासाठी केलेल्या साध्या, स्वस्त वस्तूंतच खरं सौंदर्य आहे, असं त्यांचं म्हणणं. त्यासाठी त्यांनी 1936 मध्ये टोकियोत लोककलेचं संग्रहालयही उभारलं. विचार इतका लोकांच्या मनात भरला की त्या साध्या, स्वस्त वस्तू आता सामान्य माणसाला परवडत नाहीत.

देवादिकांच्या अस्सलपणाचीही तीच कथा. आत्यासाठी काहीतरी धार्मिक घ्यावं म्हणून मी टोकियोतच भाग्याच्या सात देवांची लाकडी मूर्ती पाहिली. खजिन्याच्या होडीत सातही जण खेळीमेळीने बसलेले. याहून जपानी काय असणार? पुतण्या म्हणाला, "काका, ती हातात वाद्य घेतलेली बेन्झाइतेन म्हणजे आपली सरस्वती. हा पोत्यावर उभा दाइकोकुतेन, मूळचा महाकाल. तो चिलखतातला बिशामोनतेन, तो आपला कुबेर. बाकीचे तिघे चीनकडचे."

"आणि सातवा?"

"एबिसु. मासा धरलेला. तो एकटा पक्का जपानी."

सातांत एक. ती टक्केवारी असाकुसाच्या बोळापेक्षा फारशी वेगळी नव्हती. शेजारी दारुमा होता, गोल, लाल, डोळ्यांच्या जागा कोऱ्या. नवस बोलताना एक डोळा रंगवायचा, फळला की दुसरा. हा तरी? हे तर बोधिधर्म, परंपरेप्रमाणे दक्षिण भारतातून आलेले. मी निराश होतोय असं बघून पुतण्याने आणखी भर घातली. असाकुसाजवळच मात्सुचियामा शोदेन हे गणपतीचं देऊळ आहे. तिथे गणपतीला कांगितेन म्हणतात, मूर्ती दर्शनाला ठेवत नाहीत आणि नैवेद्याला मुळा वाहतात. मोदकाऐवजी मुळा! बायको म्हणाली, "तरीच मूर्ती लपवून ठेवतात. बाप्पा रुसले असणार."

सरस्वती मात्र आम्ही घेतली. टोकियोहून ठाण्याला सरस्वती नेणारे आम्ही पहिलेच नसू अशी आशा आहे.

या सगळ्यात बांधाबांधीचा वेळ वेगळाच. जपानी दुकानात वस्तू घेणं हे पाच मिनिटांचं काम, ती हातात मिळणं हे पंधरा मिनिटांचं. आधी पातळ कागद, मग खोका, मग तिरक्या घड्यांचा जाड कागद, चिकटपट्टीचा एकच तुकडा, मग पिशवी. कुणाला द्यायची असेल तर द्यायला वेगळी कोरी पिशवी. पाऊस असेल तर पिशवीला प्लास्टिकचा रेनकोट. बाहेर टूर मॅनेजर घड्याळ दाखवत नाचतोय, बसमधले सहप्रवासी काचेला नाकं लावून आपल्याकडे बघतायत आणि काउंटरमागची बाई कागदाचा कोपरा पुन्हा उलगडून नीट बसवतेय, कारण तो एका केसाने सरकला होता. आत आहे काय, तर सहाशे येनचा हातरुमाल.

क्योतोत, तोजी देवळाच्या आवारात, दर महिन्याच्या 21 तारखेला मोठा जुना बाजार भरतो. तिथे काही गुंडाळत नाहीत. मातीत प्लास्टिक अंथरून त्यावर किमोनो, किटल्या, तुटक्या बाहुल्या, कुणाच्या तरी आजोबांचे चष्मे. बायकोला तिथे एक जुना ओबी दिसला, किमोनोवर कमरेला बांधायचा पट्टा. रेशमी, सोनेरी जरीचे करकोचे. विकणाऱ्या आजींनी 2,000 येन सांगितले. बायकोने तोंड उघडायच्या आत त्यांनी स्वतःच पंधराशे केले. पासपोर्ट मागितला नाही. माझ्या बायकोला जपान त्या क्षणी आवडलं.

हा टेबलावर घालायचा असं ठरलं. घरी आल्यावर उलगडला. ओबी चार मीटरच्या वर लांब असतो आणि आमचं टेबल चार फुटांचं आहे. दोन्ही बाजूंनी जमिनीवर लोळून तो स्वयंपाकघराकडे निघाला होता. वहिनींनी हात फिरवून पाहिला. "जर छान आहे," त्या म्हणाल्या. "पैठणीचा काठ कापून आणलात का?"

शेवटच्या संध्याकाळी यादी अजून जवळजवळ तशीच होती. पुतण्या म्हणाला, "काका, आता तत्त्व सोडा," आणि आम्हाला शंभर येनच्या दुकानात घेऊन गेला. करासकट 110 येनला एक वस्तू. मी भाताचा एक पांढरा-निळा वाडगा उचलला आणि सवयीने उलटा केला. बुडाखाली स्वच्छ, न खरवडलेल्या अक्षरांत: मेड इन जपान. पुतण्याने लेबल वाचलं, मिनो, गिफू प्रांत. जपानभरातल्या घरांतली निम्मी-शिम्मी कपबशी या मिनोच्या भट्ट्यांतून येते. कारखान्यातली, हाताने केलेली नव्हे, सरकारी चिन्ह नाही. पण जपानच्या मातीची, जपानी माणूस ज्यात रोज भात खातो ती. आम्ही दुकानातला मांडणीवरचा माल संपवला. बाईंनी वर्तमानपत्राचे कागद पुढे केले, गुंडाळा तुमचं तुम्ही.

वाटपाचा दिवस उजाडला. मेहुण्यांनी वाडगा हातात घेतला, अर्थातच उलटा केला आणि वाचलं. "याला म्हणतात अस्सल," ते म्हणाले. "बघा, वजन बघा. महाग असेल हो हे."

"सोडा हो," मी म्हणालो.

आत्याला तेनुगुई दिला. नव्वद सेंटीमीटर लांब सुती कापड, हाताने रंगवलेलं, निळ्या लाटांचं. तो जपानी कारागिरीचा नमुना खरंच होता. त्याच्या दोन टोकांना शिवण नसते, मुद्दाम, म्हणजे लवकर वाळतो. आत्याने टोकं पाहिली. "पंचा चांगला आहे, पण शिंप्याने अर्धवट सोडलाय." दुसऱ्या दिवशी तिने दोन्ही टोकं मशीनवर दुमडून आणली. तिची शिवण सुबक आहे.

वहिनींनी त्यांची भेट उघडायला सगळ्यात जास्त वेळ घेतला. चिकटपट्टी नखाने अलगद सोडवली, कागद सपाट केला, घडी घालून पर्समध्ये ठेवला, कोरी पिशवीही ठेवली. आतल्या कोकेशी बाहुलीकडे मान हलवून पाहिलं आणि म्हणाल्या, "कागद फार सुरेख आहे हं." ती बाहुली संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आमच्याच इमारतीत तिसऱ्या मजल्यावर वाण म्हणून पोचल्याचं बायकोने स्वतः पाहिलं. त्याच कागदात.

तेव्हा जपानला निघालेल्या सज्जनहो, अस्सल काय आणि नक्कल काय हे तिथल्या सरकारवर सोडा. वाडगे शेवटच्या दिवशी घ्या, संच घेताना कप मोजा आणि किटलीच्या नादी लागू नका. तोजीचा बाजार 21 तारखेला सकाळी लवकर भरतो आणि चांगला माल आधी जातो. पिशवी मात्र घरूनच न्या. 2020 पासून तिथे प्लास्टिकच्या पिशवीचे पैसे पडतात.